“सिस्टर, तुम्ही स्वतः एकदा ऐका”: लेबर रूमच्या पोस्टिंगआधीची तयारी

मी एएनएमच्या, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनींना शिकवते. बरीच वर्षे लेबर रूमच्या पहिल्या पोस्टिंगआधी मी त्यांना एकच सल्ला देत असे: सिस्टर रागावल्या तरी उलट बोलू नका, मान खाली घालून शिका. हा सल्ला किती घातक होता, ते मला एका रात्रपाळीने दाखवले. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने कळ ओसरल्यावर बाळाच्या हृदयाचे ठोके मोजले. ते मिनिटाला ११० ते १६० असायला हवेत, पण १०० च्या आसपासच भरले. तिने ते सिस्टरांना सांगितले, तेव्हा “तुला मोजता तरी येतात का? आधी तो ट्रे धुऊन आण,” असे उत्तर तिला पेशंटच्या सासूसमोर मिळाले. तिने ट्रे धुतला आणि नंतर ती काहीच बोलली नाही. अर्ध्या तासाने डॉक्टर राउंडला आले, सिझेरियन झाले आणि बाळाला काही दिवस नवजात कक्षात ठेवावे लागले. बाळ सुखरूप घरी गेले, पण त्या मुलीने मला विचारले, “मॅडम, तुम्हीच तर गप्प राहायला सांगितलं होतं ना?”

यावर मी आधी एक व्याख्यान तयार केले. मुलींनी ते वहीत उतरवून घेतले आणि पोस्टिंगवर त्यातले एकही वाक्य कोणाच्या तोंडून निघाले नाही. मग मी व्याख्यान सोडले आणि सराव सुरू केला. वर्गात मी स्वतः सिस्टर झाले, आवाज चढवला, पाठ फिरवली आणि मुलींना बोलायला लावले. पहिल्या दिवशी बहुतेकींचा आवाज दुसऱ्याच शब्दाला विरून गेला. आमच्याकडच्या पुष्कळ मुली वाड्यापाड्यांवरून येतात. मोठ्यांना टोकणे म्हणजे उद्धटपणा, हे त्यांच्या मनात पक्के बसलेले असते, आणि बोलीवरून हसू झाल्यामुळे काहींनी तोंड उघडणेच सोडलेले असते. म्हणून आम्ही आदर राखणारी, पण मागे न हटणारी वाक्ये मिळून घडवली. आधी पेशंटची स्थिती, मग थोडी माहिती, मग आपल्याला काय वाटते आणि शेवटी काय करायला हवे, हा क्रम ठरवला. पहिल्यांदा ऐकले गेले नाही तर “सिस्टर, मला काळजी वाटते” आणि तरीही ऐकले गेले नाही तर “सिस्टर, बाळाला धोका आहे, मी डॉक्टरांना बोलावते” असे म्हणायचे. ही वाक्ये मुलींनी शंभरदा मोठ्याने म्हटली, कारण भीतीच्या क्षणी फक्त तोंडात बसलेलेच बाहेर येते.

सर्वांत अवघड होते ते रागावणे आणि छळ यांतला फरक समजावणे. हात न धुता ग्लोव्ह्ज घालणाऱ्या मुलीवर सिस्टर ओरडल्या तर तो छळ नव्हे. माझ्या मते तिथे ओरडायलाच हवे. पण एकाच मुलीला रोज चहा आणायला पिटाळणे, जातीवरून किंवा रूपावरून टोमणे मारणे, प्रसूती करूनही केस बुकवर, म्हणजे विद्यार्थिनीने केलेल्या प्रसूतींच्या नोंदवहीवर, सही अडवून ठेवणे, हा छळ आहे. अशा वेळी तारीख, वेळ, नेमके शब्द आणि हजर असलेली माणसे त्याच दिवशी वहीत लिहायला मी शिकवते. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे आणि अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते, हे बहुतेक मुलींनी माझ्याकडूनच प्रथम ऐकले, याचे मला आजही वाईट वाटते.

मात्र केवळ मुलींना तयार करून भागणार नव्हते. मी सिस्टरांसोबत बसले. एकीने सांगितले, “मॅडम, तीन टेबलांना मी एकटी असते, आणि आम्हालाही असंच शिकवलं गेलं.” तिचा थकवा खरा होता. माणसे वाढवणे माझ्या हातात नव्हते. पण केस बुकवरची सही त्याच पाळीत व्हावी आणि ट्यूटरने आठवड्यातून एकदा रात्री येऊन जावे, एवढे इन्चार्ज सिस्टरांनी मान्य केले.

पुढच्या बॅचच्या वेळी अशाच एका रात्री मी तिथे होते. एक मुलगी सरळ उभी राहून म्हणाली, “सिस्टर, ठोके १०४ आहेत, कळ गेल्यावरही वर येत नाहीत. तुम्ही स्वतः एकदा ऐका.” सिस्टरांच्या कपाळावर आठी पडली, पण त्या आल्या, ठोके ऐकले, पेशंटला डाव्या कुशीवर वळवले आणि लगेच डॉक्टरांना बोलावले. त्यानंतर दोन दिवस सिस्टर त्या मुलीशी बोलल्या नाहीत. तिने तेही तारखेसह वहीत लिहिले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पाळीला हजर झाली.