कमी साखरेची नानकटाई आणि भट्टीवरचे साडेतीन तास

"रंग आल्याशिवाय पत्रा बाहेर काढत नाही आम्ही, ताई."

गेल्या मे महिन्यात भट्टीवर ऐकलेलं हे वाक्य आजही आठवलं की माझा पारा चढतो. साडेतीन तास नंबर लावून बसले, 600 ग्रॅम घरचं तूप घातलेलं दोन किलोच्या वर पीठ दिलं, आणि हातात काय आलं, तर कडवट खडे. ज्यांना घरच्या कार्यासाठी कमी साखरेचं काही भाजायचं आहे, त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं लिहिते आहे.

आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, सहस्रचंद्रदर्शन होतं. ऐंशी पूर्ण होऊन एक्याऐंशीवं लागलेलं. घरी 60 माणसं जेवायला. आबांना 22 वर्षांपासून डायबेटिस आहे, आणि इतकी वर्षं मी एकच गोष्ट बघत आले. कुठलंही कार्य असो, पंगतीत सगळ्यांच्या पानात गोड पडतं आणि आबांच्या पानाशी आली की वाढणारी थबकते. कुणीतरी हळूच म्हणतं, "त्यांना नको, त्यांना शुगर आहे." आबा बोलत काहीच नाहीत, पानावर हात आडवा धरतात. कृष्णाकाठचं ऊस पिकवणारं घर आमचं. दिवाळीला कारखान्याची सभासदांची साखर पोत्यानं येते, ती आबांच्याच नावावर. त्यांच्या स्वतःच्या कार्यात तरी तो हात आडवा जाऊ द्यायचा नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. त्यांच्यासाठी वेगळी वाटी नाही, दुकानातली वेगळी 'शुगर फ्री' वडी नाही. सगळ्यांना जे, तेच त्यांना. म्हणजे मग सगळ्यांचंच गोड कमी साखरेचं करायला हवं.

नानकटाई ठरवली, कारण मेच्या सुट्टीत त्यांची आई पीठ मळून भट्टीवर द्यायची आणि पत्र्याचा डबा भरून आणायची, हे आबा दर उन्हाळ्यात एकदा तरी सांगतात. डॉक्टरांना आधी विचारून घेतलं. त्या जेवणातला भात सोडला तर दोन छोट्या चालतील, म्हणाले. हे ज्याचं त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारावं, आमच्यावरून ठरवू नये.

आता भट्टीचं सांगते.

घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी 16 बसतात, आणि मला करायच्या होत्या दीडशेच्या आसपास. म्हणून भट्टी. लाकडावरची जुनी भट्टी आहे, तिथली पूर्ण साखरेची नानकटाई मी कितीदा नेलेली आहे आणि ती उत्तम असते, हेही खरं. पण मे महिना, लग्नाचा आणि सुट्टीचा हंगाम. सकाळी नऊला गेले तर 47 नंबरची चिठ्ठी मिळाली आणि आत 19 नंबर चालू होता. बाहेर पत्र्याच्या शेडखाली बायका पातेली-डबे घेऊन बसलेल्या. पिठात साधं तूप असलं की उन्हानं ते सुटायला लागतं. माझ्या पातेल्याच्या कडेनं अकरा वाजेपर्यंत तूप दिसायला लागलं. मी ओला पंचा गुंडाळून ठेवला, तरी पीठ सैल होतच गेलं.

नंबर आला तेव्हा मी त्या दादांना नीट सांगितलं. एकदा नाही, तीनदा सांगितलं. "दादा, यात साखर निम्मीच आहे. हिला रंग येणार नाही. वरून पांढरीच राहील. बुड सोनेरी झालं की काढा." त्यांनी पीठ बोटांनी चोळून बघितलं, म्हणाले, "साखर कमी पडली व्हय? फुलायची नाही ही." मी म्हटलं, नाही फुलली तरी चालेल, फक्त वेळेत काढा. "बरं बरं," म्हणाले. आणि माझे पत्रे आणखी दोघींच्या पत्र्यांबरोबर आत गेले.

बाकीच्या दोघींचे पत्रे आले बाहेर, छान बदामी, वर तडे गेलेले. माझे आले नाहीत. मी फळीच्या अलीकडून विचारलं, तर म्हणे अजून कच्च्या आहेत. पुन्हा पाच मिनिटांनी विचारलं. "पांढऱ्याफटक आहेत ताई, अशा दिल्या तर उद्या तुम्हीच बोलणार आम्हाला." मी म्हटलं, नाही बोलणार, काढा. तेव्हा ते वाक्य आलं. रंग आल्याशिवाय पत्रा काढत नाही आम्ही. मला आत जाता येत नव्हतं, बघता येत नव्हतं, माझ्या मागे पंधरा बायका उभ्या होत्या आणि त्यांतली एक म्हणाली, "अहो, त्यांना कळतंय त्यांचं काम."

शेवटी पत्रे आले. "आता आला बघा रंग." रंग आला होता तो साखरेचा नव्हता, पीठ करपायला लागल्याचा होता. तिथेच एक तोडायला गेले, तुटली नाही. दाताखाली धरली तेव्हा मोडली, आणि मागून तुपाची जळकी चव. बेसन कडू झालेलं. पैसे मोजून दिले आणि रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. कार्य परवावर होतं.

त्या दादांचा राग मला अजून आहे, तो का ते सांगते. त्यांनी माझं ऐकलं, मानलं मात्र नाही. त्यांची नजर हजारो पत्र्यांवर तयार झालेली आहे, पण ते सगळे पत्रे भरपूर साखरेचे. भाजताना जो बदामी रंग येतो त्यात साखरेचा मोठा वाटा असतो. ती निम्मी केली की तेवढ्याच आचेवर, तेवढ्याच वेळात माल आतून भाजून तयार होतो आणि वरून पांढरा दिसतो. तो रंगाला येईपर्यंत थांबलात तर आतला ओलावा संपतो आणि तूप-बेसन करपतं. कमी साखरेच्या कुठल्याही भाजलेल्या पदार्थाला हे लागू आहे, केकलासुद्धा. केकमध्ये सुरी घालून बघता येते, नानकटाईत तेही नाही.

घरी मी आधी चार वेळा थोडं थोडं करून बघितलं होतं, त्यामुळे मला हे माहीत होतं. ते आधीचं आता सांगते.

जाऊबाईंचा आग्रह गुळाचा होता. गुळाची केली की चालते, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. चालत नाही. गुळातही शंभरातले ऐंशीच्या वर भाग साखरच असते, आणि डायबेटिसच्या माणसाच्या रक्तात ती जायची तशीच जाते. शिवाय गुळाच्या ओलाव्यानं पीठ चिकट होतं आणि नानकटाई खुसखुशीत न होता कडक होते. खजुराचं तेच, त्यात निम्म्याहून जास्त साखर. चवीसाठी घाला, पण पथ्य म्हणून घालू नका.

मग मेडिकलमधून गोडीची पावडर आणली. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचलं तर पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन. ते स्टार्चपासून करतात आणि ते रक्तातली साखर वाढवतं. अ‍ॅस्पार्टेमवाली असेल तर उष्णतेत तिची गोडी उडते. स्टेव्हियाची करून बघितली, जिभेच्या मागे कडवटपणा राहिला. आणि मुख्य म्हणजे या कशानंच साखरेचं दुसरं काम होत नाही. पिठीसाखर तुपात फेटताना हवा धरून ठेवते, ओव्हनमध्ये विरघळून गोळा पसरवते, वर तडे पाडते. पावडरनं केलेले गोळे आत ठेवले तसेच गोळे बाहेर आले.

तेव्हा साखर काढायची नाही, कमी करायची, यावर मी आले. आमचं घरचं माप असं: तूप 100 ग्रॅम, पिठीसाखर 100, मैदा 120, बेसन 50, बारीक रवा 25. त्याच्या 20 ग्रॅमच्या वीस होतात, म्हणजे एकीत 5 ग्रॅम साखर, चमचाभर. मी पिठीसाखर 55 केली आणि बदामाची पूड 20 घातली, म्हणजे भुसभुशीतपणा जात नाही. 50 वर खाली जाऊन बघितलं, घशात अडकते. आणि नानकटाई लहान केली, 15 ग्रॅमची. एकीत सव्वादोन ग्रॅमच्या आसपास साखर आली. निम्म्याहून कमी. हात जेवढा साखरेवर आवरला, तेवढाच आकारावर आवरला, आणि खाणाऱ्याला आकारातला फरक जाणवतही नाही. वाटीनं मापू नका बरं का, पिठीसाखर वाटीत दाबून भरली की सैल भरली, यानंच कितीतरी फरक पडतो. छोटा वजनकाटा घ्या.

(अशा नानकटाईला बाजारात 'लो शुगर' म्हणून विकता येणार नाही. नियमानं त्या शब्दासाठी 100 ग्रॅम खाद्यपदार्थात साखर 5 ग्रॅमच्या आत लागते, आपल्यात 15 आहे. आणि मैदा-रवा आहेच. म्हणून ही दोनच खायची, डबा पुढ्यात घेऊन बसायची नाही. पाहुण्यांनाही "शुगर फ्री आहे" असं सांगू नका, कुणीतरी त्या भरवशावर सहा खातं.)

भट्टीवरून आल्यावर संध्याकाळी पुन्हा तूप काढलं. रात्री साडेअकराला पहिला घाणा ठेवला. आमचे हे गोळे वजन करून देत होते, मी दाबत होते. कमी साखरेचा गोळा आपण होऊन पसरत नाही, त्यामुळे अंगठ्यानं दाबून अर्ध्या जाडीचा करायचा आणि वर सुरीनं फुलीचा हलका छेद द्यायचा. तडे त्याच रेषेवर पडतात आणि दिसायला भट्टीसारखी दिसते. बेसन मी त्यातल्याच चमचाभर तुपात खमंग भाजून, पूर्ण गार करून घातलं होतं. रंग तिथेच धरून येतो, ओव्हनवर तो भार राहत नाही. ही युक्ती भट्टीच्या पिठात केली असती तर कदाचित तो सगळा प्रसंग टळला असता. तेव्हा सुचली नाही, रिक्षात सुचली.

ओव्हन आधी दहा मिनिटं तापवून 160 डिग्रीवर 17 मिनिटं. तयार झाल्याची खूण: एक उचलून उलटी करा, बुडाला फिकट सोनेरी कड दिसली पाहिजे, आणि ट्रेवर बोटानं ढकलली तर ती सरकली पाहिजे. वरून पांढरी असेल, बोटाला मऊ लागेल. तशीच काढायची. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्यायची, तेवढ्यात ती घट्ट होते. पहिल्या घाण्याला माझाही हात ओव्हनच्या बटणाकडे जात होता, आणखी दोन मिनिटं देऊ का म्हणून. नाही दिली. दहा घाणे झाले, तीन वाजले. 146 निघाल्या.

जायफळ नेहमीपेक्षा दीडपट घाला, आणि चिमूटभर मीठ. गोडी कमी असली तरी जिभेला उणी लागत नाही.

कार्याच्या दिवशी 81 दिव्यांनी आबांना ओवाळलं. पंगत बसली. नानकटाई वाढायला माझी पुतणी होती, तिला मी आधीच सांगून ठेवलं होतं की आबांच्या पानाशी थांबायचं नाही. ती आली तशी आबांचा हात सवयीनं आडवा गेला. मी म्हटलं, "आबा, हात काढा. ही सगळ्यांची आहे, तुमचीपण आहे." त्यांनी हात काढला. पानात दोन पडल्या. त्यांनी एक मोडली, तिचा चुरा बोटांवर पडला तो बघितला, मग खाल्ली. बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "जायफळ आईसारखं पडलंय गं."

भात घेतला नव्हता त्यांनी. दोन तासांनी मशीनवर बोट टोचलं, 158. त्यांच्या डॉक्टरांनी जेवणानंतर 180 च्या आत ठेवायला सांगितलेलं आहे.

भट्टीवर द्यायचंच असेल तर एवढं करा: दुपारी गर्दी ओसरल्यावर जा, आपला पत्रा एकटाच आत घालायला सांगा, आणि घड्याळ बघून स्वतः फळीशी उभ्या राहा. आधी सहाच नानकटाया टाकून वेळ ठरवून घ्या, सगळं पीठ एकदम देऊ नका. पीठ घरून फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवून मगच न्या.

आणि एक राहिलंच. या नानकटाईचा डबा पूर्ण गार झाल्याशिवाय बंद करायचा नाही, नाहीतर वाफ धरून ती मऊ पडते. उरलेल्या चौदा मी स्टीलच्या डब्यात भरून ठेवल्या होत्या. आबा रोज चहाच्या वेळी झाकण उघडून आधी मोजायचे, मग एक घ्यायचे.