व्हिडिओ बघणं हा उपचार आहे का? : बाबांच्या क्लेमची गोष्ट

गेल्या दिवाळीनंतर बाबांच्या उजव्या अंगावरून लकवा गेला. नागपुरात धंतोलीतला दवाखाना, आठ दिवस, कॅशलेस, डिस्चार्ज, सगळं बिनबोभाट झालं. अडकलं ते घरी आल्यानंतरच्या फिजिओथेरपीच्या बिलावर. पैसे मिळाले, पण राग अजून गेलेला नाही.

फिजिओथेरपिस्ट ताई रोज बाबांना आधी काही मिनिटं व्हिडिओ दाखवायच्या. एक हात पेला उचलतो, बटण लावतो, एवढंच. मग लगेच तेच काम बाबांकडून करून घ्यायच्या. बिलावर त्यांनी सरळ लिहिलं, 'व्हिडिओ निरीक्षण व सराव'. विमा कंपनीतल्या साहेबांनी त्या ओळीखाली लाल रेघ ओढली. "टीव्ही बघायचे पैसे कंपनी कशी देणार, मॅडम?"

पत्र आणा म्हणाले, आणलं. यात कारण लिहिलेलं नाही म्हणाले. कारण लिहून आणलं तर सही फिजिओथेरपिस्टची आहे, डॉक्टरांची नाही. प्रत्येक वेळी ऑफिसातून अर्धी सुट्टी आणि टोकन घेऊन दीड-दोन तास बसणं. तिसऱ्या खेपेनंतर रात्री मी स्वतःच वाचायला बसले.

इटलीत पार्मा इथे मेंदूशास्त्रज्ञ रिझोलात्तींच्या चमूला माकडाच्या मेंदूत काही पेशी सापडल्या होत्या. माकडानं स्वतः वस्तू उचलली तरी त्या चेतायच्या आणि माणसाला उचलताना नुसतं पाहिलं तरीही. हे 1992 मध्ये छापून आलं. 1995 मध्ये माणसांवर प्रयोग झाला. डोक्यावरून मेंदूच्या हालचालीच्या भागाला चुंबकीय ठोका दिला, तर समोर कुणी वस्तू पकडताना दिसत असेल तेव्हा बघणाऱ्याच्या हाताचे स्नायू जास्त जोरात प्रतिसाद द्यायचे. हात मात्र स्वस्थ पडलेला. आणि 2007 मध्ये लकव्याच्या मोजक्या रुग्णांवर अभ्यास झाला. दोन्ही गटांना सराव सारखाच, फक्त एकाला हातांच्या हालचाली दाखवल्या आणि दुसऱ्याला भौमितिक चिन्हं. हालचाली पाहणाऱ्यांचे हात जास्त सुधारले. नुसता टीव्ही असता तर हा फरक पडला असता का?

हेच मी चौथ्या खेपेला साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खरं सांगायचं तर नीट ऐकलं, आणि म्हणाले, "हेच न्यूरोलॉजिस्टकडून चार ओळीत आणा." आणलं. पंधरा दिवसांत पैसे जमा.

म्हणून सांगते, बिलावर 'व्हिडिओ' शब्द एकटा येऊ देऊ नका. 'हालचाल-निरीक्षणासह हाताचे व्यायाम' असं लिहून घ्या, आणि पहिल्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टच्या चिठ्ठीवर ते यायला हवं. हो, आणि डिस्चार्जनंतर किती दिवसांची बिलं चालतात ते पॉलिसीत आधी बघा. आमच्या पॉलिसीत साठ दिवस होते, आणि शेवटच्या आठवड्याची बिलं त्यामुळे गेली.

आणखी एक. घरी व्हिडिओ काढायचा असेल तर मोबाइल काम करणाऱ्याच्या खांद्यावरून धरा, म्हणजे हात आपलाच असल्यासारखा दिसतो. आणि पेशंटच्या सवयीचं काम निवडा. बाबांनी नागपूरच्या महाल भागात चाळीस वर्षं शिवणकाम केलं, म्हणून काकांच्या हाताचा कापड बेतण्याचा व्हिडिओ काढला. पहिल्यांदा लावला तेव्हा बाबा काहीच बोलले नाहीत. कात्री कापडात शिरली तसा मांडीवर पडलेला त्यांचा अंगठा किंचित आत वळला. मी व्हिडिओ थांबवला, मागे नेला, पुन्हा लावला. पुन्हा वळला.