शनी सोडून गुरूकडे

आज सायंकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारात शेजारच्या काकूंकडे आम्ही सात-आठ वाचक जमलो होतो आणि दोन तास केवळ विज्ञानकथाकार आर्थर क्लार्क यांच्या १९८२ मधील '२०१०: ओडिसी टू' या कादंबरीवरच बोललो. १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या पहिल्या कादंबरीत यान शनीपर्यंत जाते, त्याच नावाच्या चित्रपटात मात्र ते गुरूपाशी पोहोचते, आणि पुढच्या भागात लेखकाने स्वतःची कादंबरी बाजूला ठेवून चित्रपटाचीच वाट धरली, ही गोष्ट बऱ्याच जणांना खटकली. काकूंनी तर दोन्ही प्रती मांडीवर उघडून पेन्सिलीने खुणा केलेली पाने ताडून दाखवली.

मला हा बदल मनापासून पटतो. १९७९ मध्ये व्हॉयेजर यानांनी गुरूच्या आयो या चंद्रावरील जागृत ज्वालामुखी आणि युरोपा या चंद्राचे रेघारेघांचे हिमकवच दाखवल्यावर कोणता लेखक गुरूकडे पाठ फिरवील? पहिल्या भागातील गूढ शांतता येथे उणावते, हे काकूंचे म्हणणे मात्र मान्य करावे लागले. यानावरील हॅल हा संगणक परस्परविरोधी आदेशांमुळे बिघडला, हे कळल्यावर त्याची भीती ओसरते आणि करुणा उरते. मला ती करुणाच अधिक मोलाची वाटते.

निघताना काकूंनी आपली प्रत माझ्या हाती दिली. युरोपावर उतरलेल्या चिनी यानाचा भाग आज रात्रीच पुन्हा वाचणार आहे.