काढून टाकलं नं, मग दरवर्षी काय तपासता?

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हापासून हळदीकुंकवात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, एकदा तर नागपुरात बर्डीवर साड्यांच्या दुकानात एकीने विचारलं. सगळ्या आपल्याच, राग तरी कोणावर धरू? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

काढली ती डावी बाजू. उजवी मूळचीच आहे, आणि एका बाजूला होऊन गेलं की दुसऱ्या बाजूला नव्याने होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा जास्त असतो. म्हणून उजवीची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, वर्षातून एकदा. इथवर सगळ्यांना पटतं. डावीची होतच नाही, हे मात्र कोणाला पटत नाही. पोटाची चरबी आणि कातडी घेऊन बांधलेली ती बाजू. काही त्रास नसताना तिथे मॅमोग्राफी करून फारसा फायदा होत नाही. ऑपरेशनमध्ये स्तनाच्या सगळ्याच्या सगळ्या पेशी निघत नाहीत, थोड्या राहू शकतात. पण आजार परतलाच तर बहुतेक वेळा कातडीत नाहीतर कातडीलगत, म्हणजे हाताला लागेल असा. त्यामुळे डॉक्टर हातानेच बघतात. पहिली ३ वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी, पुढची २ वर्षं ६ ते १२ महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा.

मधल्या दिवसांत बघायचं कोणी? मीच.

आणि एका मे महिन्यात आंघोळ करताना लागलंच. नव्या बाजूला, टाक्यांच्या रेषेजवळ, सुपारीएवढं टणक. डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली. सेंटरवरच्या मुलीने कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, डावी तर नाहीच आहे नं तुम्हाला. उजवीच लिहू का?" रांगेतल्या बायका ऐकत होत्या. मी म्हटलं, "आहे. हात लावून बघ." ती पोरगी लाल झाली. वयाने माझ्या भाचीएवढी असेल. नंतर वाईट वाटलं, पण तेव्हा नाही वाटलं.

आत सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर आधी गप्पा मारत होत्या, मग गप्प झाल्या. "सुईने तुकडा घेऊन बघूया." रिपोर्ट येईपर्यंत कूलरच्या ताट्या बदलल्या नाहीत यावरून मी नवऱ्याशी कडाडून भांडले. त्याने निमूटपणे ताट्या बदलल्या. मग बदलल्या कशाला, यावरून भांडले.

रिपोर्टमध्ये फॅट नेक्रोसिस आलं. हलवलेल्या चरबीला रक्त कमी पडलं की तेवढा भाग मरतो आणि टणक होतो. कॅन्सर नाही. सगळे म्हणाले, सुटलीस बाई. सुटले कुठे? ती गाठ अजून तिथेच आहे. माझ्या बोटांना ती ओळखीची झाली आहे, पण उद्या तिच्या शेजारी दुसरी आली तर बोटांना फरक कळेल का?

"मग पेट स्कॅनच करून टाक की दरवर्षी," हा तुमचा पुढचा प्रश्न. मीही तेच मागितलं होतं, सगळ्या अंगात कॅन्सर शोधणारा तो स्कॅन, आणि रक्तात कॅन्सरची खूण शोधणारी मार्करची तपासणीही. लक्षणं नसताना केलेल्या या तपासण्यांनी आयुष्य वाढत नाही, खोट्या धास्त्या तेवढ्या वाढतात, असं डॉक्टरांनी समजावलं. डोक्याला पटलं.

आणि "मग नवीन बांधून घ्यायचा व्याप कशाला केलास?" ब्लाऊज नीट बसावा म्हणून. एवढं कारण पुरत नाही का? सपाट ठेवलं असतं तर ही गाठ आली नसती, खरंय. सर्जनसमोर बसून "एकदाचं संपवून टाका" म्हणणारी मी तेव्हा फार ठाम होते. तिला आज काय सांगू? पश्चात्ताप नाही. काही दिवशी असतो.

यंदाची तारीख जवळ आली आहे. डावीचा एमआरआय मागायचा, असं माझं चाललंय. नवरा म्हणतो, डॉक्टर नको म्हणतात तर हट्ट कशाला. बरोबर आहे त्याचं. तरी मी विचारणार आहे.