कडक बुश

गाडीवेडे लोक इंजिनावर बोलतात, टर्बोवर, एक्झॉस्टच्या आवाजावर, फार तर टायरवर. बुशवर कोणी बोलत नाही. आणि का बोलावं, मूठभर रबर, मधे लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं, ते आर्मच्या, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्याच्या, टोकात दाबून बसवलेलं, गाडी घेतल्यापासून विकेपर्यंत त्याचं तोंडही दिसत नाही. पण चाकाकडून बॉडीकडे जे काही जातं, धक्का, ब्रेकचा ओढा, वळणावरचा रेटा, ते बरंचसं या तुकड्यांमधून जातं. आणि जुन्या स्पोर्ट्स कारमधे हे तुकडे म्हातारे झाले की गाडी बदलते पण मालकाला पत्ता लागत नाही, कारण ती एकदम बिघडत नाही ना, रोज कणभर सैल होते आणि आपण रोज कणभर सवय करून घेतो.

माझी गाडी म्हणजे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १९८९ साली आलेलं मॉडेल. जेमतेम टनभर वजन, दोन सीट, आणि चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला एक वरचा आर्म, एक खालचा आर्म आणि प्रत्येक आर्मच्या मुळाशी बुश. मूळ रबर अजून गाडीतच होतं. बाहेरून बारीक चिरा, कडेनं फुगलेलं, आणि मोठ्या पान्यानं आर्म जरा उचकटला की नको तेवढा सरकायचा. तेव्हा ठरवलं की आता पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबरापेक्षा कडक अशा प्लॅस्टिकचे (थोडक्यात पॉलीचे) बुश टाकायचे.

आता हे काम करताना लढाई बुशशी होईल असं वाटतं, प्रत्यक्षात होते बोल्टशी. या गाडीच्या खालच्या आर्मला कॅम बोल्ट असतात, फिरवले की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बदलते असे, आणि इतक्या वर्षांच्या पाण्या-चिखलात ते आतल्या नळीला गंजून एकजीव होतात. पाना लावला, जोर दिला, बोल्ट फिरला, आपण खूश! मग पाना सोडला की बोल्ट आपला हळूच उलटा फिरून जागेवर. म्हणजे फिरत होती ती नळी, बोल्टासकट, आणि तिच्याभोवतीचं रबर नुसतं पीळ खाऊन परत येत होतं. मेलेलं म्हणून ज्याला काढायला निघालोय त्या रबरात एवढा दम बघून जरा आदरच वाटतो. गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, गरम करा, हातोडी घाला, काही बोल्ट ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांना बुश आणि ब्रॅकेटच्या फटीतून करवतीचं पातं घालून कापावंच लागतं, म्हणून नवे बोल्ट आधीच आणून ठेवलेले बरे.

बुश काढायला प्रेस असला तर उत्तम, नसला तर मोठा व्हाइस आणि दोन सॉकेट, एक बुशपेक्षा लहान ढकलायला आणि एक मोठं झेलायला. काही लोक रबर जाळून काढतात, लवकर होतं हे खरं पण तो काळा धूर आणि तो वास, नको ते. बाहेरचं कडं काही किटमधे ठेवायचं असतं आणि काहींमधे कापून काढायचं, त्यामुळे किटबरोबरचा कागद आधी वाचावा, सगळं उखडून झाल्यावर नाही.

मग नवे बुश हातात येतात. जांभळे, लाल, पिवळे, गोळ्यांच्या बरणीतून काढल्यासारखे. नख रुतवून बघितलं तर रुतत नाही. हा कडकपणा शोअर ए नावाच्या मापात मोजतात, पिन किती आत जाते त्यावरून. गाडीच्या रबरी बुशचा आकडा साधारण ५० ते ७० च्या आसपास, आणि पॉलीचा ८० ते ९५. वरवर बघता फार फरक वाटत नाही, पण आकडे वर जातात तसा प्रत्येक आकडा जास्त झोंबतो.

पण खरा फरक कडकपणाचा नाहीच मुळी, काम करायच्या पद्धतीचा आहे. रबरी बुशमधे रबर आतल्या नळीलाही चिकटवलेलं असतं आणि बाहेरच्या कड्यालाही. आर्म वरखाली होतो तेव्हा काहीच घासत नाही, रबर फक्त पिळतं आणि सुटतं. ना तेल, ना ग्रीस, ना आवाज, वर्षानुवर्षं. म्हणूनच रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे असतात, चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली उतरल्यापासून बिचारं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पॉलीचं तसं नाही. ते नळीवर फिरतं, घासत फिरतं. बसवून झाल्यावर शॉक अब्जॉर्बर आणि स्प्रिंग जोडायच्या आधी आर्म हातानं उचलून सोडला तर स्वतःच्या वजनानं खाली यायला हवा. आला तर काम जमलं. मधेच अडकून राहिला तर कुठेतरी घट्ट आहे, परत खोला.

आता चालवण्याबद्दल. पहिल्याच वळणावर कळतं, खोटं नाही सांगत. स्टिअरिंग वळवलं आणि नाक वळलं यांच्यामधे जो एक "हं, थांबा, येतोच" असा क्षण असायचा तो गेला. जोरात ब्रेक मारला की पुढची चाकं जरा मागे ओढली जाऊन टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बदलायचा आणि गाडी नाक इकडेतिकडे करायची, तेही गेलं. मजा येते. आणि मग रस्त्याचा सांधा येतो. मग दुसरा. रस्त्यावरचे ते चमकणारे रिफ्लेक्टर, त्यातला प्रत्येक आता मोजता येतो. डॅशबोर्डच्या आत कुठेतरी एक क्लिप सुटलीये हे मला आत्ता कळलं, ती कधीपासून सुटली होती कोण जाणे, रबरानं तिची गोष्ट माझ्यापर्यंत येऊच दिली नव्हती.

आता एक गोष्ट, जी सांगितली की पॉलीवाले लोक चिडतात. हा जो फरक सगळ्यांना जाणवतो ना, "गाडी नवी झाली" वगैरे, त्यातला बराच भाग पॉलीचा नसतो, नव्याचा असतो. आपण तुलना करतो ती तीस वर्षांच्या फाटक्या रबराची आणि पिशवीतून काढलेल्या पॉलीची. आणि वर लगेच अलाइनमेंट करतो, जी त्याआधी कितीतरी वर्षं झालेलीच नसते. नवं रबर टाकून तेवढंच नीट अलाइनमेंट केलं असतं तरी यातलं पुष्कळसं मिळालं असतं, शिवाय डॅशबोर्ड गप्प राहिला असता. पण नवं रबर टाकलं हे कोणाला सांगण्यात काय मजा आहे! जांभळं काहीतरी टाकलं की आत वाकून दाखवता तरी येतं.

शिवाय रबराचा मऊपणा ही कंपनीची काटकसर आहे हा समज काही केल्या जात नाही. पोर्शे ९२८ बघा, १९७७ ची गाडी. तिच्या 'वायसाख अॅक्सल' नावाच्या मागच्या सस्पेन्शनमधे लवचिकपणा मुद्दाम ठेवलेला, असा की वळणात अॅक्सिलरेटर सोडला तर मागची चाकं बाहेर वळण्याऐवजी थोडी आत वळावीत आणि गाडीचं शेपूट सुटू नये. म्हणजे लवणं हेच तिथलं काम होतं. किंवा फोर्डच्या जुन्या फॉक्स बॉडी मस्टँगचं मागचं सस्पेन्शन, वरचे दोन आर्म तिरके, गाडी कलली की त्यांच्या बुशना फिरावंही लागतं आणि वाकडंही व्हावं लागतं. रबर ते निमूटपणे करतं. तिथे कडक पॉली घातलं की आर्म अडकतात आणि मागची बाजू वळणात अचानक दगा देऊ शकते. एकाच अक्षाभोवती फिरणारा आर्म असेल तर पॉली शहाणं, चहूबाजूंनी वाकावं लागत असेल तर नाही, इतकं साधं आहे, पण किट विकणारे डबा पूर्ण विकतात, विचार करून अर्धा विकत नाहीत.

आणि कुईकुई. घासणाऱ्या पॉलीतलं ग्रीस गेलं की ते चिकटतं-सुटतं चिकटतं-सुटतं आणि जुन्या पलंगासारखा आवाज येतो, हळू जाताना गतिरोधकावर तर हमखास, शेजारी बसलेल्यानं विचारावं "अरे, हा आवाज कसला?" एवढा. किटबरोबर सिलिकॉन ग्रीसच्या पुड्या येतात, ते ग्रीस इतकं चिवट की हात धुवून दाराची मूठ धरली तरी मुठीला लागलेलं असतं, पण कंजुषी न करता तेच भरावं, आतून, बाहेरून, कडांनाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर पुढच्या खालच्या आर्मना पॉली राहू देणार, तिथे ब्रेकिंगमधे फायदा खरंच आहे. वरच्या आर्मना पुढच्या वेळी नवं रबर, आणि डिफरेन्शियलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) माउंटला तर पॉलीचं नावही नको, तिथून येणारी घरघर थेट पाठीत शिरते. नुसती खुमखुमी भागवायची असेल तर अँटी-रोल बारचे, म्हणजे वळणात गाडी फार कलू न देणाऱ्या दांडीचे, बुश बदला, दोन बोल्टची क्लॅम्प आहे, प्रेस नको, जाळपोळ नको, आणि कडक झाल्याचा त्रासही फारसा होत नाही. आणि आर्म काढायलाच निघाला असाल तर कॅम बोल्टच्या खुणांचे फोटो आधी काढून ठेवा, अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी बऱ्यापैकी सरळ न्यायला तेवढं पुरतं.