घरच्या गॅसवर गाडीसारखे नूडल्स, तिसऱ्या शनिवारी जमले एकदाचे

आमच्या पोराला नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीचं वेड लागलंय, दर शनिवारी संध्याकाळी तेच. एकदा मीच बोलून बसलो की घरी करू, त्यात काय एवढं, दहा मिनिटांचं काम! ह्या 'त्यात काय एवढं'मध्ये माझे दोन शनिवार गेले.

पहिल्या शनिवारी १५० ग्रॅमचं अख्खं पाकीट उकळत्या पाण्यात टाकलं, चांगले मऊ होईपर्यंत शिजवले आणि गरमागरम तसेच कढईत. वरून कोबी, गाजर, ढोबळी मिरची, मीठ, सॉस सगळं एकदम. दोन मिनिटांत कढईत पाणीच पाणी, भाज्या वाफेवर शिजतायत आणि नूडल्सचा लगदा. पोरगं म्हणालं, बाबा ही खिचडी आहे का?

दुसऱ्या वेळी नूडल्स कमी शिजवले पण गार न करता चाळणीत तसेच ठेवले आणि भाज्या चिरायला बसलो, भाज्या होईपर्यंत चाळणीच्या आकाराचा एक गोळा तयार, सुरीने कापून वाढला असता तरी चाललं असतं.

मग आई बोलली (दोन शनिवार गप्प बसून बघत होती ही बाई), "फोडणीचा भात कधी ताज्या भाताचा करतोस का रे? शिळाच घेतोस ना? मग ह्याचं वेगळं काय असणार?"

बरोबरच होतं. गरम आणि ओलं असेल तर चिकटणार, कोरडं आणि गार असेल तर मोकळं होणार. म्हणून तिसऱ्या वेळी नूडल्स दुपारीच उकडले. भरपूर पाणी, मीठ, आणि एक एक नूडल तोडून बघत बसलो, मधे किंचित कणी राहिली की लगेच चाळणीत, वरून गार पाणी आणि चांगले निथळले की चमचाभर तेल चोळून ताटात पसरून ठेवले. संध्याकाळपर्यंत हात लावला की सुटे.

भाज्या चिरताना पोराला सांगत होतो की हक्का नूडल्समधलं हक्का हे माणसांचं नाव आहे, चीनमधला एक समाज, त्यातले बरेच जण कोलकात्यात येऊन तिथल्या टांगरा भागात चामड्याच्या धंद्यात होते, तिथेच पुढे त्यांची हॉटेलं निघाली. त्याला काही घेणंदेणं नव्हतं, त्याचं लक्ष कच्च्या गाजरावर.

आता गॅसचं. गाडीवाल्याची भट्टी कढईच्या बाहेर ज्वाळा काढते, आपला गॅस फुल केला तरी त्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि त्यात कढई गच्च भरली की ती गार पडते, मग परतणं राहतं बाजूला आणि उकडणं सुरू होतं. म्हणून अर्धे अर्धे करून दोन घाणे केले. लोखंडी कढई धूर यायला लागेपर्यंत तापवली, तेल, बारीक चिरलेला भरपूर लसूण, थोडं आलं, लसूण लाल व्हायच्या आत गाजर आणि ढोबळी मिरची, मिनिटभराने कोबी. मीठ आत्ता नाही! मिठाने कोबीला पाणी सुटतं, आणि सोया सॉस खारट असतोच. मग नूडल्स, आणि सॉस नूडल्सवर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेने सोडला, चर्र झालं आणि तो गाडीचा वास आला ना, खरंच आला! व्हिनेगर अर्धा चमचा, काळी मिरी, वर पातीचा कांदा आणि मग चव बघून चिमूटभर मीठ. झाऱ्याने ढवळलं तर तुटतात, दोन उलथन्यांनी खालून वर उचलत राहायचं.

अजिनोमोटोची पुडी आणून ठेवली होती, आईने कधी उचलून ठेवली कळलं नाही. खरं सांगायचं तर लागलंही नाही.

खिडकी उघडायची मात्र विसरलो, धुराने सगळं घर खोकत होतं. पोरगं खोकत खोकत पहिली प्लेट संपवून दुसऱ्या घाण्याची वाट बघत उभं. आईने लिंबू पिळून घेतलं आणि म्हणाली, "शेवयांचा उपमा बरा झालाय."