सामायिक जागेची नोंद, भाग 3: खत तापलं, पाणी वळलं, पाळ्या अजून बसायच्यात

आठ घरं, एक जागा. या टप्प्यात तीन कामं होती: खताचे कप्पे, न्हाणीचं सांडपाणी आणि कामाच्या पाळ्या. पहिली दोन मार्गी लागली. तिसऱ्याचा पहिला मसुदा टिकला नाही, दुसरा चालू आहे.

खताचे कप्पे

प्रत्येकी 1 मीटर लांब, रुंद आणि उंच असे तीन कप्पे एका ओळीत. याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. समोरच्या फळ्या खाचेत वरून सरकवायच्या, म्हणजे उलटवताना त्या काढून ढीग थेट शेजारच्या कप्प्यात ओढता येतो. पहिला भरायचा, दुसरा कुजवायचा, तिसरा मुरवायचा. फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवा. तळाला काटक्यांचा वीतभर थर हवाच. तो टाळला की खालपर्यंत हवा पोचत नाही आणि तळ काळा, चिकट होतो.

ओल्या कचऱ्याच्या एका बादलीला कोरडा पाला दोन ते तीन बादल्या. यात कार्बन नायट्रोजनच्या साधारण 25 ते 30 पट राहतो. पाला चुरडूनच टाका. सबंध पानं एकावर एक चिकटून बसतात, मग त्यांतून ना पाणी जातं ना हवा. लाकडाचा भुसा जपून वापरा. त्यात कार्बन इतका जास्त असतो की ढीग थंड पडतो. ओल मुठीत दाबून बघायची. एक-दोन थेंब सुटले तर बरोबर, धार लागली तर जास्त, मूठ उघडताच भुगा सांडला तर कमी.

लांब दांड्याचा तापमापक 50 सेंमी आत खुपसायचा. 55 ते 65 अंश सेल्सिअस हवेत. 55 च्या वर सलग तीन दिवस गेले की उलटवायचं, कडेचं आत आणि आतलं कडेला. असे तीन-चार फेरे झाले की तणांचं बी आणि रोगजंतू बहुतांशी मरतात. पारा 70 कडे चढू लागला तर ठरल्या दिवसाची वाट बघू नका, कामाचे जिवाणूच त्यात जातात. नाकात झोंबणारा वास आला तर ओला कचरा जास्त झालाय, पाला घाला. नासक्या अंड्यासारखा आला तर हवा कोंडलीय, उलटवा. या दोन वासांत गल्लत होते आणि भलताच उपाय केला जातो.

एका घराचा ढीग असेल तर हे सगळं एकाच्या डोक्यात राहतं. सामायिक ढीग इथेच फसतो. ओलं टाकणारे आठ, पाला आणणारे दोन, आणि महिन्याभरात कप्प्यात चिखल. ‘सर्वांनी पाला आणावा’ ही पाटी निरुपयोगी आहे, कारण कोणी आणला नाही हे तिच्याकडे बघून कळत नाही.

स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावात सामायिक कुरणाबद्दल 1517 मध्ये लिहिलेला एक नियम होता: हिवाळाभर स्वतःच्या वैरणीवर जेवढ्या गाई पोसता येतील, तेवढ्याच कुरणावर पाठवायच्या. सामायिक साधनसंपत्तीच्या अभ्यासासाठी 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी या गावाचा दाखला दिला आहे. नियमाची ताकद मोजणीत आहे. गाई कोणालाही मोजता येतात. तेच सूत्र इथे लावलं. प्रत्येक घराला पाल्याचं एक पिंप, त्यावर घराचा क्रमांक, आणि पिंपं कप्प्यांच्या अलीकडे ओळीत. ओलं टाकलं की आपल्याच पिंपातल्या पाल्याने ते झाकायचं. पिंप रिकामं असेल तर ओलं परत घरी. उघडं ओलं आणि रिकामं पिंप, दोन्ही पुढच्या माणसाला येताक्षणी दिसतात. कोणी कोणाला बोलायची वेळ सहसा येत नाही.

न्हाणीचं पाणी

फक्त न्हाणीचं आणि कपड्यांचं. स्वयंपाकघरातलं नको, तेलकटपणाने नळी आणि माती दोन्ही तुंबतात. 50 मिमी नळी, मीटरला 2 सेंमी उतार, शेवट झाडाभोवतीच्या आळ्यात. आळ्यात लाकडाच्या ढलप्यांचं 30 सेंमी आच्छादन, आणि नळीचं तोंड ढलप्यांपासून 10 सेंमी वर, झाकणाच्या कुंडीत. तोंड टेकलेलं राहिलं की मुळं आत शिरतात. पाणी साठवायचं नाही. 24 तासांत ते सडू लागतं. कच्च्या खायच्या पालेभाज्यांना आणि कंदांना हे पाणी देऊ नका.

आळं खणण्याआधी 30 सेंमी खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि मग मोजा. तासाला 1 सेंमीही उतरलं नाही तर ती जागा सोडा.

खरी अडचण साबणाची. सोडियममुळे चिकणमातीची रचना मोडते आणि पाणी जिरणं थांबतं. बोरॅक्स (बोरॉनचा क्षार) असलेली धुण्याची पावडर तर झाडाला थेट मारते, पानांच्या कडा आधी करपतात. एका घरात जंतुनाशक ओतलं तरी आळं सर्वांचं बिघडतं. म्हणून प्रत्येक घराच्या नळीवर तीन तोंडांचा व्हॉल्व्ह बसवला: एक वाट आळ्याकडे, एक गटाराकडे. मूठ लाल रंगवली आणि बाहेरच्या भिंतीवर बसवली. आडवी म्हणजे गटार, उभी म्हणजे आळं. वाटेने जाणाऱ्यालाही कळतं.

पाळ्या

पहिल्या मसुद्यात कामं वाटली होती. ते चुकलं, कारण ढीग उलटवायला दोन तास लागतात आणि पिंपं बघायला पाच मिनिटं. आता तास मोजतो: घरटी महिन्याला आठ, काम कोणतंही. ज्यांना फावडं झेपत नाही ते हिशेब, रोपं, नोंदवही सांभाळतात. तास सारखेच धरायचे. पाळी संपवणाऱ्याने वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: तापमान, वास, पुढच्याने काय करायचं. तिसरी ओळ रिकामी असेल तर पाळी पूर्ण झालेली नाही.

निर्णय घेताना ‘आवडलं का?’ असं विचारत नाही. ‘हरकत आहे का, आणि नुकसान नेमकं काय?’ असं विचारतो. हरकत नसेल तर तीन महिन्यांसाठी लागू, फेरविचाराची तारीख त्याच पानावर.

कोणी सोडून गेलं तर काय, हे खणायच्या आधी लिहून घ्या, नंतर ते सुटत नाही. समजा, एखाद्या सामायिक टाकीचं आयुष्य 10 वर्षं धरलं आणि घर 4 वर्षांनी गेलं, तर त्याने घातलेल्या वाट्याचे 60 टक्के परत. झाडांचा वाटा परत नाही, ती जागेची. हे कलम सर्वांत जास्त अडतं, त्यासाठी वेगळी बैठक ठेवा.

बाकी कामं: पाळी चुकल्यावर काय, यावर अजून हरकती आहेत. सध्याचा प्रस्ताव असा: पहिल्यांदा आठवण, दुसऱ्यांदा पुढच्या महिन्यात दुप्पट तास, तिसऱ्यांदा बैठक. दुसऱ्या कप्प्यातला ढीग शेवटच्या फेऱ्यात आहे. तो उलटवूनही तापला नाही की तिसऱ्यात हलवायचा. चार क्रमांकाच्या आळ्यात पाणी तुंबतंय, ढलप्या काढून तळ बघायचा आहे.